विश्वास म्हणजे पीकविमा नव्हे

या पानावर एरवी कांदा, डाळिंब, बाजरी, पाऊस आणि बाजारभाव असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण रानाबाहेरचा नाही. आमच्या चर्चचा सुगीचा सण तोंडावर आलाय आणि यंदा टोपल्या हलक्या असणार आहेत. सप्टेंबरच्या पावसात ज्यांचा कांदा सडला त्यांनी काय आणायचं, असा प्रश्न दोघातिघांनी रस्त्यात थांबवून विचारला. एकजण तर म्हणाला, "औंदा मी येतच नाही, रिकाम्या हातानं काय तोंड दाखवू?" हे ऐकल्यापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतो.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्या आहेत. (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चमधले सगळे लोक. "काय मंडळी" मधली मंडळी वेगळी.) सुगीच्या सणाला प्रत्येकजण आपल्या रानातलं पहिलं, चांगलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतो. ज्वारीची कणसं, कांदा, लिंबं, भोपळा, गावरान अंडी, एखादी कोंबडी. पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि उपासना संपली की बाहेर झाडाखाली लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, आणि ज्यानं घेतला तोच परत देऊन टाकतो, मग दुसरा बोली लावतो. पैसा मंडळीच्या कामाला. आडतीत आयुष्यभर भाव पाडून घेतलेल्या माणसाला आपल्या मालावर चढती बोली लागलेली बघायला मिळते, ती वर्षातून याच एका दिवशी.

तर ज्या वर्षी सुगीच नाही त्या वर्षी या सणाचं काय करायचं? मला वाटतं, विश्वास म्हणजे काय ते अशाच वर्षी कळतं. आणि नेमकं अशाच वर्षी आपल्याकडं विश्वासाच्या नावाखाली फार चुकीचं काहीतरी शिकवलं जातंय.

आमच्या मंडळीत एक कुटुंब आहे. दोन एकर डाळिंब, सहाशे झाडं. आधी तेल्या आला, मग मर लागली, तीन वर्षांत निम्मी बाग काढून टाकावी लागली. मोकळ्या झालेल्या जागेत लाल कांदा केला तो सप्टेंबरनं नेला. आणि दिवाळीच्या आठवड्यात घरातला कर्ता माणूस गेला. वय शेहेचाळीस. छातीत दुखतंय म्हणाला, तालुक्याला नेईपर्यंत संपलं होतं. मागं बायको, म्हातारी सासू, एक मुलगी बारावीला आणि एक मुलगा आठवीत.

पंधरा दिवसांनी बाहेरून आलेला एक प्रचारक त्यांच्या घरी प्रार्थनेला बसला. प्रार्थना झाल्यावर त्या माउलीला विचारलं, दशमांश नियमित जात होता का? ती म्हणाली, दोन वर्षं नाही जमलं. मग त्यानं मलाखीचा तिसरा अध्याय उघडला आणि समजावून सांगितलं की दशमांश चुकला म्हणून बागेत रोग शिरला, आणि विश्वासात फट पडली की सैतान घरात येतो. पुढच्या रविवारी ती चर्चला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझी बायको भेटायला गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "आमचा इस्वास कमी पडला म्हनत्यात, ताई. मग कोनत्या तोंडानं येऊ?"

मी पाळक नाही, शेतकरी आहे. पण हे वाक्य ऐकल्यावर गप्प बसवत नाही.

आधी रानातलं बोलू. डाळिंबाची मर कशानं येते हे या पानावर अनेकदा लिहिलंय. जमिनीतली बुरशी, मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा, आणि पाण्याचा निचरा न होणारी भारी जमीन. एक झाड वाळलं की ते मुळासकट काढून जाळायचं, खड्डा मोकळा ठेवून औषध ओतायचं, शेजारच्या चांगल्या झाडांनाही आळवणी करायची. रोगट मातीचं खोरं-टिकाव धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचं नाही. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशी मराठीत मिळतात. त्या बुरशीला दशमांशाची पावती वाचता येत नाही. गावात मर आली तेव्हा विठ्ठलाच्या माळकऱ्याची बाग गेली, मुसलमान बागवानाची गेली, आमच्या ख्रिस्ती भावाची गेली, आणि कुठलाच देव न मानणाऱ्या एका मास्तरची पण गेली. पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात शिकवलं. गारपीटही तशीच पडते, एवढं आपण आपल्या अनुभवानं त्यात घालू शकतो.

आता शास्त्रातलं. दशमांशाचा विषय काढलाच आहे तर अनुवादाचा चौदावा अध्यायही वाचावा. तिथं सांगितलंय की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवायचा, आणि तो कुणासाठी? लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. त्यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. म्हणजे शास्त्राचा हिशोब लावायचाच झाला तर त्या माउलीकडून दशमांश येणं नव्हतं, तिच्या दारात जाणं होतं. पावती कुणाची थकली ते ज्यानं त्यानं बघावं.

देवावर विश्वास ठेवला की पीक हमखास येईल, आजार टळेल, मुलगा नोकरीला लागेल, असं जे सांगितलं जातं त्याला मी पीकविम्याचा विश्वास म्हणतो. हप्ता भरा, भरपाई घ्या. यात अडचण अशी की विमा मिळाला नाही की माणूस कंपनीला शिव्या देतो, आणि इथं कंपनी उलट सांगते की तुमचाच हप्ता कमी पडला. ज्याचं सगळं गेलंय त्याच्यावरच दोष. याच्यापेक्षा सावकार परवडला, तो निदान व्याज तोंडावर सांगतो.

आणि हा प्रकार नवा नाही. पवित्र शास्त्रात ईयोबाचं अख्खं पुस्तक याच भांडणाचं आहे. ईयोब मोठा शेतकरी होता. आकडेच दिलेत : सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी. एका दिवसात सगळं गेलं. पहिला निरोप्या येऊन सांगतो तो निरोप कुठल्याही शेतकऱ्याच्या काळजाला लागेल : औतं चालू होती, बैल नांगर ओढत होते, आणि तेव्हाच धाड पडली. शेवटचा निरोप्या दहा लेकरं गेल्याचं सांगतो. मग अलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेलं हे एकमेव चांगलं काम. आठव्या दिवसापासून बोलायला लागले आणि घाण केली. तिघांचं म्हणणं फिरून फिरून एकच : तू काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय असं होत नाही. ईयोब मान्य करत नाही. तो रडतो, भांडतो, जन्मलो त्या दिवसाला शाप देतो, देवालाच कोर्टात उभं राहून उत्तर दे म्हणतो. आणि शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो? त्या तीन मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, असा देवाचा निवाडा आहे. आक्रोश करणारा माणूस खरं बोलला, आणि देवाची वकिली करणारे तिघे खोटे ठरले. मग त्यांना सात बैल आणि सात एडके घेऊन त्याच ईयोबाकडं जावं लागलं, आणि त्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा सुटले.

लोक म्हणतात "ईयोबासारखा धीर धरा". अर्थ असा घेतात की तोंड मिटून सोसा. पुस्तक वाचलं तर ईयोब तोंड मिटून बसलेला फार थोडा वेळ दिसतो. त्याचा धीर वेगळा आहे. तो देवाशी भांडतो, पण देवाला सोडून दुसरीकडं भांडायला जात नाही.

दुसरा माणूस हबक्कूक. तीनच अध्यायांचं छोटं पुस्तक आहे, पण माझ्या मते शेतकऱ्यानं लिहिल्यासारखं. सुरुवातच तक्रारीनं होते, किती दिवस ओरडायचं आणि तू ऐकायचं नाहीस, अशा अर्थाची. बाहेरून खास्दी सैन्य येऊन ठेपलेलं. आणि शेवटच्या अध्यायात तो जी यादी देतो ती मला दरवेळी तलाठ्यानं केलेल्या पंचनाम्यासारखी वाटते. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. फळबाग, तेलबिया, धान्य, पशुधन. एकही रकाना सोडलेला नाही, एकाही रकान्यात "अंशतः नुकसान" नाही. सगळं शंभर टक्के. आणि त्या पंचनाम्याच्या खाली तो सही काय करतो, तर तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पुढं टीप आहे, हे तंतुवाद्यांवर गायचं. म्हणजे लोकांनी उपासनेत म्हणायचं गाणं आहे ते!

इथं नीट बघा. तो "तरीही" म्हणतो, "म्हणून" म्हणत नाही. मी विश्वास ठेवीन म्हणून अंजीर फुलेल, असंही म्हणत नाही. यादी जशी आहे तशी ठेवतो, एक झाडही वाढवून किंवा कमी करून लिहीत नाही. नुकसान नीट मोजणं हासुद्धा विश्वासाचा भाग आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. "सगळं ठीक आहे, देवाची कृपा" असं ओठांवर आणि आत पोखरलेलं, हा विश्वास नाही. तो खोडातला भुंगेरा आहे, वरून झाड हिरवं दिसतं.

आता कृषी पदवीधरांना आवडेल असा भाग. पेरणाऱ्याचा दाखला सगळ्यांना माहीत आहे. चार प्रकारची जमीन : वाट, खडकाळ, काटेरी आणि चांगली. त्यातली खडकाळ जमीन म्हणजे आपली मुरमाड. वर चार बोटं माती, खाली मुरूम. दाखल्यात म्हटलंय की तिथलं बी लगेच उगवलं, कारण मातीला खोली नव्हती. पहिल्यांदा वाचलं की उलटं वाटतं, पण हलकी जमीन लवकर तापते, तिथं बाजरी दोन दिवस आधी दिसते हे आपण दर जूनमध्ये बघतो. शेजारच्या काळ्या रानापेक्षा तीच आधी हिरवी. मग जुलैत पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो आणि तीच आधी करपते. येशूनं याचा अर्थ सांगताना ऊन म्हणजे संकट आणि छळ असं सांगितलं. आनंदानं ऐकतात, पण मूळ नसतं.

लूकच्या शुभवर्तमानात याच दाखल्याच्या शेवटी चांगल्या जमिनीबद्दल सांगताना एक शब्द जास्तीचा आलाय. मराठीत आपण त्याला धीर म्हणतो. मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने. ओझ्याखाली असूनही जागा न सोडणं, खाली टिकून राहणं, असा त्याचा अर्थ. धीरानं फळ येतं, असं तिथं आहे. लगेच येतं असं नाही.

आणि खोली एका दिवसात तयार होत नाही. ज्यांनी मुरमाड रान कसदार केलंय त्यांना विचारा. दगड वेचायचे, तळ्यातला गाळ आणून पसरायचा, दरवर्षी शेणखत, ताग किंवा धैंचा गाडायचा, बांध घालून वाहून जाणारी माती अडवायची. सात-आठ वर्षांनी फरक दिसतो. हे सगळं बऱ्या वर्षात करायचं काम आहे. दुष्काळाच्या वर्षात कुणी गाळ पसरला तर तो पुढच्या वर्षासाठी, त्या वर्षाचं पीक काही त्यानं वाचत नाही. माझी समजूत अशी की विश्वासाचंही तेच. चांगल्या दिवसात घरात रोज म्हटलेली संध्याकाळची प्रार्थना, पाठ झालेली गीतं, शेजाऱ्याच्या मयतीला उभं राहणं, कुणाचं ऐकून घेणं, ही सगळी माती आहे. वाईट दिवस येतो तेव्हा माणूस काही नवीन उगवत नाही, तो आधीच्या ओलीवर तग धरतो. काहींची ओल संपते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, खंडच तेवढा मोठा असतो. तेव्हा संरक्षित पाणी बाहेरून द्यावं लागतं, आणि मंडळी त्यासाठीच असते.

वाफशाचंही लक्षात घ्या. अतिपावसानंतर रान चिखल असताना नांगर घातला तर ढेकळं होतात आणि ती पुढं दोन हंगाम फुटत नाहीत. ताज्या दुःखात असलेल्या माणसाला वचनं ऐकवणं, उपदेश करणं, कारणं सांगणं म्हणजे वाफसा नसताना घातलेलं औत. सात दिवस गप्प बसलेले ते तीन मित्र तेवढ्यापुरते बरोबर होते.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागतो, की तुमचे आजे-पणजे दुष्काळात मिशनच्या ज्वारीसाठी बाटले. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशननं लोक जगवले हे खरंच आहे. भुकेल्या माणसानं भाकर घेतली याची मला लाज वाटत नाही. पण टोमणा मारणाऱ्यांनी पुढचा हिशोब करावा. ज्वारी एका वर्षात संपली. माणसं सव्वाशे वर्षं थांबली. मधे काय मिळालं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींच्या आदेशात पुढं १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी महारवाड्यातला आणि मांगवाड्यातला जाच इतरांइतकाच भोगला, त्यांना ख्रिस्ती म्हणून नाव लावलं की सवलत बंद. वस्ती तीच, विहिरीवरचा अनुभव तोच, कागद वेगळा. काहींनी कागदावर जुनं नाव ठेवलं, काहींनी ठेवलं नाही आणि पोरांच्या शिक्षणाची किंमत मोजली. दोघांनाही मी नावं ठेवत नाही. पण फायद्यासाठीचा विश्वास एवढा तोट्यात कुणी चालवत नाही.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, खायला सुकडी आणि ती लाल परदेशी मिलो. त्या वर्षीही सुगीचा सण झाला. रानात काहीच नव्हतं तर तिनं रेशनच्या मिलोतली एक ओंजळ पदरात बांधून नेली आणि वेदीपुढं ठेवली. कुणीतरी म्हणालं, ही कुठं तुझ्या रानातली? ती म्हणाली, "रान बी त्याचं, मिलो बी त्याचीच, माझी नुसती वंजळ." लिलावात त्या ओंजळीला चार आणे आले. त्या दिवसाचं एवढंच तिला आठवायचं, पाळकसाहेबांनी प्रवचनात काय सांगितलं ते नाही.

नुकसान सोसून टिकलेल्यांत मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. शाळेच्या पुस्तकात त्यांचं समाजकार्य येतं, पण त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची रांग कुणी सलग सांगत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थाटनात भटकत असताना, उपासमारीनं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायची होती, मुलगी मनोरमा तान्ही. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता पीकविम्याच्या हिशोबानं यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं काय? समाज तुटला, शारदासदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतून येणारी मदत ठराविक वर्षांपुरती होती, म्हणून पुढची सोय म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली. हेतू फळबागेचा होता, की बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. आपल्यासारखाच विचार! आणि लगेच १८९६ चा दुष्काळ आला.

स्वतः दुष्काळात आई-बाप गमावलेली ही बाई तेव्हा मध्य प्रांतात गेली आणि निराधार मुली-बायका घेऊन आली, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या लोकांना ठेवायला मनाई, म्हणून सगळ्या केडगावच्या उघड्या माळावर. तिथं विहिरी खोदल्या, भाजीपाला केला, पुढं विणकाम, छापखाना उभा राहिला. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. फळबागेची जमीन माणसांनी भरली. आणि शेवट? ज्या मनोरमेला पुढचं सगळं सोपवायचं होतं ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई मूळ भाषांमधून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते काम त्यांनी मुलीच्या मागं चालू ठेवलं, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. यात भरपाई कुठं आहे? मला तरी दिसत नाही. दिसतात त्या विहिरी, जेवलेल्या मुली आणि शेवटपर्यंत चाललेलं काम.

आणखी एक नाव आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं, पाणलोटवाल्यांना माहीत असलेलं : फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागं ते होते, आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबोंबरोबर त्यांनी वॉटर ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी बघायला आजही लोक येतात. फादर दुष्काळी गावांत पावसासाठी नवस करा म्हणून सांगत फिरले नाहीत. अट घातली : श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत. शेळ्या विकाव्या लागणारे लोक सुरुवातीला भांडले, आणि त्यांचं भांडणं बरोबरच होतं, कारण पहिली झळ त्यांनाच होती. समतल चर खोदल्या दिवशी पाणी लागत नाही. दोन-तीन पावसाळे नुसतं गवत बघायचं असतं. त्या दोन-तीन पावसाळ्यांना मी हुपोमोने म्हणेन.

म्हणून माझं मत असं की विश्वास टिकवायचा म्हणजे देवाकडून भरपाईची वाट बघायची नाही, आणि ज्याचं गेलं त्याला हिशोब विचारायचा नाही. माती परीक्षण, रोगाची औषधं, पंचनाम्याचा अर्ज, कर्जाच्या पुनर्गठनाची बँकेतली खेप, हे सगळं करायचंच. ते केलं म्हणून प्रार्थनेचा अपमान होत नाही. आणि डोक्यात जीव देण्याचा विचार घोळायला लागला तर "प्रार्थना कर, जाईल" यावर सोडू नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका, तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा, १४४१६ या सरकारी टेलि-मानस नंबरवर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पाळकांनी आणि प्रार्थनागटांनी हा नंबर स्तोत्रसंग्रहाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला तरी चालेल.

सणाचं म्हणाल तर पंचांच्या बैठकीत मी एक सुचवलंय आणि ते बहुतेकांना पटलंय. ज्याचं नुकसान झालंय त्यानं जे आहे ते आणावं. सडका कांदा असेल तर सडका आणावा, डाळिंबाचं वाळलेलं झाड असेल तर त्याची फांदी. वेदीपुढं ठेवावी. हबक्कूकचा तिसरा अध्याय त्या दिवशी वाचायचा आणि यादी म्हणून वाचायचा, प्रत्येक ओळीला थांबून. ज्याचं जे गेलं त्यानं तिथं उभं राहावं. एकदोन ज्येष्ठांना हे अशुभ वाटतंय, सणाला मोडकं आणू नये म्हणतात. त्यांचं म्हणणं जुन्या करारातल्या निर्दोष अर्पणाच्या नियमावर आहे, त्यामुळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी त्यांना आजीची ओंजळ सांगितली. अजून विचार करतायत.

त्या माउलीकडं गेल्या शनिवारी आम्ही चौघं जाऊन बसलो. वचन वाचलं नाही. चहा झाला. मुलगा म्हणाला, पाऊण एकर मोकळा आहे, उन्हाळी कांद्याचं रोप तयार आहे पण मजूर लावायला पैसे नाहीत. आपल्याकडं पूर्वी इर्जिक असायची, सावड असायची, तीच करायची ठरली. येत्या शनिवारी सकाळी सातला लागण. रोप उपटायला तीन आणि लावायला बारा माणसं पाहिजेत, आतापर्यंत नऊ झालीत, त्यात दोघे माळकरी आणि तो मास्तर आहे. खुरपं आपापलं आणावं, भाकरी बांधून आणावी, कालवणाची सोय आमच्याकडं. पाण्याची पाळी रात्रीची आहे, ती दारं धरायला मी जाणार आहे, सोबत एकजण मिळाला तर बरं.